साताने मारलेली दांडी

इटलीच्या बुटाच्या टाचेत, पुलिया प्रांतात, पोलिन्यानो आ मारे नावाचं गाव आहे. चुनखडीच्या कड्यावर अगदी काठाला टेकलेली घरं, खाली एड्रियाटिक समुद्र, आणि दोन कड्यांच्या फटीत एवढासा किनारा. त्यावर वाळू नाही, नुसते गोटे. रबरी बूट नसतील तर पाण्यापर्यंत जाईस्तोवर सगळे कुलदैवत आठवतात. गाव देखणं आहे आणि त्याच्या देखणेपणावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचंय ते तिथून बारी शहराकडे परतणाऱ्या गाडीबद्दल. कारण अजून माझं डोकं तापलेलं आहे.

तिकडच्या प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट काढलं की काम संपत नाही. त्यावर ना सीट, ना गाडीची वेळ. चढण्याआधी फलाटावरच्या यंत्राच्या फटीत तिकिटाचं टोक खुपसायचं. खर्रर्र आवाज होतो, तारीख, वेळ नि स्टेशन उमटतं, आणि तिथून चार तास ते तिकीट चालतं. शिक्का नसेल तर तिकीट खिशात असूनही दंड. मोबाईलवर तिकीट काढलं असेल तर यंत्र नको, पण चढण्याआधी 'चेक-इन'चं बटण दाबावं लागतं, आणि तेही विसरणारे रोज सापडतात. सीट नंबर असलेल्या जलद गाड्यांना यातलं काहीच लागू नाही. म्हणजे महाग तिकीटवाला जन्मजात सज्जन, आणि तीनेक युरोवाल्याने मात्र आपली सज्जनता दर फेरीला छापून घ्यायची!

आता यंत्रच बंद असेल तर? पोलिन्यानोच्या फलाटावरच्या यंत्रावर चिठ्ठी होती, 'ग्वास्तो'. नादुरुस्त. त्यावर उपाय असा, की स्टेशन, तारीख आणि वेळ तिकिटावर पेनाने लिहायची आणि तपासनीस आपल्याला शोधण्याआधी आपण त्याला शोधायचं. जाता-येताची दोन्ही तिकिटं सकाळी बारीलाच घेतली होती. परतीच्या तिकिटावर मी स्वच्छ अक्षरात १७:२० लिहिलं, इंग्रजी आकड्यांत, आणि डब्यातून शोधत जाऊन तपासनीसाला दाखवलं. तो म्हणाला, हे तर दुपारीच संपलं.

भानगड अशी, की युरोपात एक हा आकडा वरून भलामोठा तिरका फरकाटा ओढून काढतात, म्हणजे आपल्या डोळ्यांना तो सातच दिसतो. आणि तो खऱ्या सातात मिसळू नये म्हणून सातच्या पोटात आडवी दांडी मारतात. माझ्या सातला दांडी नव्हती. तेव्हा माझे सतरा वाजून वीस हे त्याच्या लेखी अकरा वाजून वीस, अधिक चार तास, म्हणजे तीन वाजून वीसलाच कारभार आटोपला. देवनागरीत लिहिलं असतं तर? तर ७ ला तो उलटा सहा म्हणाला असता.

इथवर प्रकरण दोघांत मिटलं असतं. पण समोरच्या सीटवर एक आजोबा होते, मांडीवर गाजरांची पिशवी. पोलिन्यानोची गाजरं पिवळी, नारिंगी, जांभळी अशी मिळून असतात आणि स्थानिकांना त्यांचा फार अभिमान. आजोबांनी तिकीट तपासनीसाच्या हातून घेतलं, चष्मा कपाळावर चढवला, आणि निकाल दिला, "सेत्ते!" सात. मला हायसं वाटलं. मग तिकीट जरा लांब धरून ते म्हणाले, "ऊनो." एक. मग पुन्हा जवळ. पाची बोटांची टोकं जुळवून हात वर-खाली हलवत ते तपासनीसाशी वाद घालू लागले, आणि माझ्या लक्षात आलं की ते माझी बाजू घेत नाहीयेत, विरोधही करत नाहीयेत; त्यांना फक्त खटला चालवायचा होता. त्यांनी पिशवीतून एक जांभळं गाजर काढलं, तिकिटावर माझ्या सातवर आडवं ठेवलं, आणि मला सांगितलं, असा असतो सात. मग मला तिकिटाच्या मागे सात लिहून दाखवायला लावले. तीन. घरी कर्ज फेडणारा, कर भरणारा माणूस, परक्या देशात गाजर बघून सात गिरवतोय, आणि पलीकडची दोन शाळकरी पोरं मान लांब करून ते तपासतायत!

आणि हा प्रदेश कोणता? जवळच आल्बेरोबेल्लो आहे, शंकूच्या छपरांच्या 'त्रुल्ली' घरांचं, १९९६ पासून युनेस्कोच्या यादीत. ती घरं चुन्याशिवाय, नुसती दगडावर दगड रचून बांधलेली. का, तर नव्या वस्तीवर राजाचा कर बसे. तपासणी येणार असं कळलं की छपरं उतरवायची नि म्हणायचं, इथे गाव कुठाय, दगडांचे ढीग आहेत, असं सांगतात. १७९७ मध्ये नेपल्सचा राजा चौथा फर्डिनांड याने गावकऱ्यांना सरंजामदाराच्या जाचातून सोडवलं. आख्खं गाव लपवणाऱ्यांचे वंशज हे, आणि त्यांना माझ्या एका रेघेचा संशय! (तिकडे जायचं तर आधी वेळापत्रक बघा. त्या छोट्या मार्गावर कधीकधी आगगाडीऐवजी बस असते, आणि तिचा थांबा स्टेशनच्या दारातच असेल असं धरून चालू नका.)

पोलिन्यानो ते बारी अर्धा तास. तपासनीसाने शेवटी खांदे उडवले, माझ्याच पेनाने माझ्या सातला दांडी मारली आणि पुढच्या डब्यात गेला. दंड नाही, माफीही नाही. आजोबांचं मात्र समाधान झालं नव्हतं. बारीला उतरल्यावर त्यांनी माझं कोपर धरलं, फलाटावरच्या चालू यंत्रापाशी नेलं आणि माझ्या हातातलं तिकीट स्वतः फटीत घातलं. खर्रर्र. आता त्यावर पक्क्या छापील अक्षरांत बारी, आजची तारीख आणि सहा वाजायला आलेली वेळ आहे. पोलिन्यानोहून बारीला येण्यासाठी ते रात्री दहापर्यंत बिनतक्रार चालेल.