दीड तासाचं ड्राइव्ह-इन

अप्पाकाकांची दैवतं दोन. सयाजीराव महाराज आणि अहमदाबादचं ड्राइव्ह-इन, म्हणजे गाडीत बसूनच सिनेमा पाहायचं उघड्यावरचं थिएटर. महाराजांना त्यांनी पाहिलेलं नाही. ड्राइव्ह-इन १९७३ साली सुरू झालं आणि काका तिथे मित्राच्या फियाटमधून जाऊन आले. "६६५ गाड्या मावतात रे!" हे ते अशा थाटात सांगतात, की जणू प्रत्येक गाडी ह्यांनीच शिट्टी मारून लावून दिली.

तर बडोद्यात, मांजलपूरच्या आमच्या सोसायटीच्या मोकळ्या जागेत, ड्राइव्ह-इन काढायचं ठरलं. म्हणजे काकांनी ठरवलं आणि राबायला मी.

इतिहास त्यांना तोंडपाठ. अमेरिकेत कॅम्डनच्या हॉलिंग्सहेड नावाच्या गृहस्थानं आधी घराच्या अंगणातच प्रयोग केले. मोटारीच्या बॉनेटवर प्रोजेक्टर, झाडांना बांधलेली चादर, चादरीमागे रेडिओ. पावसात कसं दिसेल म्हणून गाडीवर पाण्याचे फवारेसुद्धा मारून पाहिले. मग १९३३ साली पेटंट आणि थिएटर. गाडीचे २५ सेंट, माणशी २५ सेंट.

"झाडं आपल्याकडे आहेत," काका म्हणाले, "चादर तुझी आई देईल."

आईनं दिली, पण गुलाबांची. पांढरीला डाग पडतात म्हणाली. त्यामुळे नायिकेच्या गालावर शेवटपर्यंत एक टपोरा गुलाब होता.

खरा घोळ चढाचा. पुढच्या गाडीवरून दिसावं म्हणून पुढची चाकं उंच हवीत. हॉलिंग्सहेडनं चाकांखाली ठोकळे ठेवले होते, मी विटा आणल्या. गाड्या आल्या चार आणि ॲक्टिव्हा अकरा! ॲक्टिव्हाचं पुढचं चाक दोन विटांवर चढवलं, की मागे बसलेल्या वहिनी हळूहळू नंबरप्लेटकडे घसरू लागतात. मध्यंतरापर्यंत मी एका वहिनींना टेकू होतो. पिक्चर कसला होता, मला विचारू नका.

कॅम्डनला भोंगे पडद्यापाशी होते. मागच्यांना आवाज उशिरा आणि शेजाऱ्यांना भरपूर. आमचेही शेजारी दहा मिनिटांत गॅलरीत आले. चादरीच्या मागच्या बाजूला असल्यामुळे त्यांचा नायक डावखुरा होता. "काका, अवाज ओछो करो ने!" एक मासी ओरडल्या. काकांनी कमी केला. लगेच मासींना नायक काय बोलला ते कळेना, "हवे शुं बोल्यो ए?"

मध्यंतरात सेवउसळ. कोणाची तरी ॲक्टिव्हा विटांवरून उतरली ती थेट टेबलावर, आणि तर्रीचं पातेलं चादरीवर. आई आली. काही बोलली नाही. नायक ऐन मारामारीत असताना तिनं दोन्ही झाडांच्या गाठी सोडल्या आणि चादर काखोटीला मारून निघून गेली.

नायक समोर मासींच्या गॅलरीवर जाऊन पडला. मासी किंचाळल्या.

मी प्रोजेक्टर बंद करायला धावलो, तर काकांनी माझा हात धरला.

"थांब जरा. त्यांची भिंत पांढरी आहे."