वीरपत्नीचा पुनर्विवाह आणि तिचे निवृत्तिवेतन

सैनिकाने नोकरी केली आणि त्या नोकरीपोटी त्याच्या मागे पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळू लागले. पुढे तिने दुसरे लग्न केले, तर त्याने केलेल्या नोकरीत काय फरक पडतो? प्रश्न इतका साधा असूनही आपल्या नियमांनी त्याचे सरळ उत्तर अजून दिलेले नाही.

सैन्यातील मृत्यूची कारणे सरकारने ‘अ’ ते ‘इ’ अशा पाच वर्गांत विभागली आहेत. युद्धात किंवा अतिरेक्यांशी लढताना मृत्यू आला, तर शेवटच्या वेतनाइतके उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. सेवेमुळे जडलेल्या आजाराने किंवा कर्तव्यावरील अपघाताने आला, तर वेतनाच्या ६० टक्के विशेष कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. आणि सेवेशी संबंध नसलेल्या कारणाने आला, तर साधारण निवृत्तिवेतन, म्हणजे सुरुवातीची काही वर्षे ५० टक्के आणि नंतर ३० टक्के. पहिल्या दोन प्रकारांत पुनर्विवाहानंतरही, मुलांचा सांभाळ ती करत असेल तर, पूर्ण रक्कम चालू राहते. साधारण निवृत्तिवेतन मात्र मुले असलेल्या विधवेने लग्न केले की तिच्यापुरते बंद होते आणि मुलांच्या नावे जाते.

पूर्वी याहून विचित्र अट होती. शौर्यपदकासोबत मिळणारा मासिक भत्ता पुनर्विवाहानंतर चालू ठेवायचा असेल, तर विधवेने दिवंगत पतीच्या भावाशीच लग्न करावे लागे. पैसा घरातच राहावा आणि सूनही घरातच राहावी, हा हिशेब त्यामागे होता, असे म्हटले तर फार कठोर होणार नाही. दिराशी पाट लावण्याची रीत काही समाजांत होती आणि आहे. ज्यांना ती मान्य आहे त्यांनी ती खुशाल पाळावी. पण सरकारने भत्त्याचे आमिष दाखवून एखाद्या तरुण मुलीला त्याच घरातला नवरा निवडायला लावावे, हे कुठल्या घटनेत बसते? ही अट संरक्षण मंत्रालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये काढून टाकली. स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षांनी!

या विचाराचे मूळ जुने आहे. विधवाविवाहाला मान्यता देणाऱ्या १८५६ च्या कायद्याच्या दुसऱ्याच कलमात, पुनर्विवाह करणाऱ्या स्त्रीचा पहिल्या पतीच्या मालमत्तेवरील हक्क संपेल, असे लिहिले होते. लग्नाची परवानगी दिली आणि त्याची किंमतही तिथेच वसूल केली. तो कायदा रद्द होऊन चाळीस वर्षे उलटली, तरी साधारण कुटुंब निवृत्तिवेतनाच्या नियमात त्याच पद्धतीचा विचार शिल्लक आहे.

अपत्य नसलेल्या विधवेला सहाव्या वेतन आयोगानंतर सवलत मिळाली, पण तीही अर्धवट. लग्नानंतर तिचे निवृत्तिवेतन चालू राहते, मात्र तिचे इतर सर्व मार्गांचे उत्पन्न किमान कुटुंब निवृत्तिवेतनाइतके, म्हणजे ९ हजार रुपये अधिक महागाई मदत इतके, झाले की ते थांबते. लग्न न केलेल्या विधवेला अशी उत्पन्नाची मर्यादा नाही. ती शिक्षिका असो वा अधिकारी, तिचे निवृत्तिवेतन सुरूच राहते, आणि ते योग्यच आहे. मग मर्यादा फक्त पुन्हा संसार मांडणारीलाच का?

यावर नेहमीचा आक्षेप सैनिकाच्या आईवडिलांचा असतो. मुलगा गेला, सून दुसऱ्या घरी गेली आणि पैसाही गेला, तर म्हाताऱ्यांनी काय करावे? हे दुःख खरे आहे आणि त्याची टिंगल करण्यात अर्थ नाही. परंतु सुनेने लग्न केले की नाही यावर आईवडिलांची गरज ठरत नाही. तिने लग्न न करता माहेरी राहायचे ठरवले तरी त्यांची अडचण तीच असते. अवलंबून असलेल्या आईवडिलांसाठी सरकारने स्वतंत्र तरतूद करावी, त्यांच्या गरजेवरून करावी. सुनेच्या लग्नपत्रिकेवरून नव्हे. मुलांच्या सांभाळाच्या अटीबद्दलही माझी हीच काळजी आहे. अट वाजवी आहे, पण ‘ती सांभाळ करत नाही’ अशी एक तक्रार तिला कार्यालयाच्या पायऱ्या झिजवायला लावू शकते.

ब्रिटनने १ एप्रिल २०१५ पासून सैनिकांच्या विधवांना पुनर्विवाहानंतरही निवृत्तिवेतन कायम ठेवले आणि ज्यांचे आधीच बुडाले होते, त्यांना २०२३ मध्ये प्रत्येकी ८७,५०० पौंड देण्याची योजना आणली. तीही उशिरा आणि बरीच झगडल्यावर.

आपल्याकडे मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने कुंकू पुसण्याची आणि बांगड्या फोडण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने इतर गावांनाही तोच कित्ता गिरवायला सांगितले. त्याच तालुक्यात सैनिक टाकळी आहे, जिथल्या घराघरांतून सैन्यात माणसे गेली. एका गावाने जे ग्रामसभेत ठरवले, ते दिल्लीला एका शासकीय पत्राने करता येईल: साधारण कुटुंब निवृत्तिवेतनालाही विशेष आणि उदारीकृत निवृत्तिवेतनाचाच नियम लावावा आणि उत्पन्नाची मर्यादा काढून टाकावी. खर्चाचा प्रश्न निघालाच, तर पुनर्विवाह करणाऱ्या किती जणींचे निवृत्तिवेतन दरवर्षी बंद होते, हा आकडा सरकारने आधी जाहीर करावा.