घोड्याच्या तोंडात लोखंड हवंच, हा हट्ट कशासाठी?

‘बिटलेस लगाम म्हणजे पोरांच्या जिवाशी खेळ’ असा एक मेसेज सगळीकडे फिरतोय. फोंड्याला आमच्या ताईपर्यंत तो पोचला आणि तिने भाचीची घोडेस्वारीच बंद करायचं काढलं. कारण काय, तर पोरीच्या घोड्याच्या तोंडात लगामाची लोखंडी कडी, म्हणजे बिट, नसते!

त्यातला सगळ्यात संतापजनक दावा हा: पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये देवाने बिटसाठीच फट ठेवलीय, तिथे घोड्याला काही जाणवत नाही. साफ खोटं. त्या फटीत जबड्याच्या हाडाची धार असते आणि तिच्यावर हिरडीचा पातळ थर. स्वतःच्या नडगीवर सळई दाबून बघा. शिवाय बिट जिभेवर आणि ओठांच्या कोपऱ्यांवरही दाबतं. फिनलंडमध्ये शर्यतीनंतर २६१ घोड्यांची तोंडं तपासली. ८४ टक्के घोड्यांना, नेमक्या बिट बसतं त्या भागात, ताज्या जखमा होत्या. हा अभ्यास २०१९ चा. ते शर्यतीतले घोडे होते, शिकाऊ पोरांचे नव्हते, हे मान्य. पण ‘काही जाणवत नाही’ म्हणणाऱ्याने त्या जखमांचं काय करायचं ते सांगावं.

‘अडेल घोड्याला काटेरी बिट घाला’ हा सल्ला तर बेकायदा आहे. १९६५ च्या केंद्रीय नियमांत त्याला मनाई आहे, स्वारीसाठीसुद्धा.

बिटशिवाय घोडा थांबत नाही म्हणे. उधळलेला घोडा बिट असूनही थांबत नाही. घोडा थांबतो शिकवणीने आणि स्वाराच्या पक्क्या बैठकीने. अडथळ्यांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांतही हॅकमोर, म्हणजे नाकावरच्या दाबाने चालणारा बिटलेस लगाम, लावलेले घोडे उड्या मारतात.

आणि परंपरेच्या नावाने त्या मेसेजमध्ये गोव्याच्या शिगम्यातला घोडेमोडणीचा नाच कशाला ओढता? तो घोडा लाकडाचा, नाचणाऱ्याच्या कमरेला बांधलेला. त्याचं तोंड सोलवटत नाही.

एक गोष्ट मात्र खरी. बिटलेस म्हणजे आपोआप सौम्य, असं नाही. लांब दांड्यांचा हॅकमोर तरफेसारखा नाक आणि हनुवटी आवळतो. नाकावरचा पट्टा फार खाली बसला तर नाकाच्या मऊ भागावर दाब येतो, आणि घोडा श्वास घेतो तो नाकानेच. म्हणून ताईने शिकवणाऱ्यांना विचारायचं ते हे: पट्टा नेमका कुठे बसतो, त्याच्या आत दोन बोटं जातात का, आणि पोरीला वर बसवण्याआधी घोड्याला याच लगामावर थांबायला शिकवलंय का?