कोल्हापुरात राहून संपूर्ण गुप्त कसं व्हायचं

भावा, तू मोनेरो नावाचं गुप्त क्रिप्टो कॉइन घेतलायस हे ऐकून लई बरं वाटलं. कुठं ऐकलं म्हणतोस? गंगावेशीत दूध कट्ट्यावर. तिथं विषय चालला होता की शिवाजी पेठेतल्या एका पोरानं कुणाला ट्रॅकच करता येत नाही असलं कॉइन घेतलंय, आणि धार काढणाऱ्या मामांनापण माहीत होतं की पोरगं कुणाचं. म्हणजे सुरवात तर झकास झालीय, आता पुढचं नीट ऐक.

पहिलं काम म्हणजे टेक्नॉलॉजी पाठ कर, वापरायला नाही, चारचौघांत सांगायला. बिटकॉइनची वही सगळ्या जगाला उघडी, कुठल्या पत्त्यावरनं कुठं किती गेले ते कुणीपण बघू शकतं. मोनेरो 2014 ला आलं आणि त्यानं ती वहीच झाकून टाकली. पैसे पाठवणारा तू एकटा दिसत नाहीस, तुझ्या खऱ्या नोंदीबरोबर दुसऱ्यांच्या 15 जुन्या नोंदी मिसळतात आणि खरी कुठली ते बाहेरच्याला कळत नाही, शाहू स्टेडियमवर मॅचला एकाच रंगाचे टीशर्ट घातलेल्या पोरांत शिट्टी कुणी मारली ते कळत नाही तसं. घेणाऱ्याला दर वेळी नवा पत्ता, आणि 2017 पासनं रक्कमसुद्धा झाकलेली. हे सगळं खरंय, गणित एकदम पक्कं. आणि गणित एवढं पक्कं आहे म्हटल्यावर आपण कशाला डोकं लावायचं, नाही का?

आता विकत घ्यायचं. बिनान्स ह्या क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या मोठ्या एक्स्चेंजनं फेब्रुवारी 2024 मध्ये मोनेरो काढून टाकलं, म्हणून आपल्याला आडवाटेनं जायला लागतं. आधी एक्स्चेंजवर आधार, पॅन आणि सेल्फी दे, सेल्फीत जरा हस, रेकॉर्डला राहतोय. मग अनोळखी माणसाकडनं पी टू पी नं, म्हणजे थेट त्याच्या खात्यावर पैसे टाकून, दुसरं कॉइन घे, पैसे पगाराच्या खात्यातनं यूपीआयनं पाठव आणि रिमार्कमध्ये 'मोनेरोसाठी' लिहायला विसरू नकोस, हिशोब स्पष्ट पाहिजे. ते कॉइन स्वॅप करून, म्हणजे बदलून, मोनेरो कर, आणि अर्ध्या तासात जवळजवळ तेवढेच परत बाहेर काढून त्याच एक्स्चेंजवर आण. इकडनं एक लाख आत गेले, तिकडनं अठ्ठ्याण्णव हजार बाहेर आले, मधल्या अर्ध्या तासात काय झालं हे कुणाच्या बापाला कळणार नाही असं तुला वाटू दे. बघणाऱ्याला आतलं बघायची गरजच नसते, दोन्ही दारांवरचं घड्याळ आणि आकडा पुरतो.

तो अनोळखी माणूस कुणाला तरी फसवून आलेले पैसे फिरवत असेल तर अजून मजा. कुठल्यातरी लांबच्या राज्यातल्या सायबर सेलचा मेल येतो, तुझं खातं गोठतं, आणि तू बँकेत जातोस तर काउंटरवरच्या मॅडम आख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात विचारतात, "तुम्ही पाटील सरांचे धाकटे न्हवं? क्रिप्टोचं काय केलंय ओ?" मागं लायनीत तुझी मावशी. आता तुझी प्रायव्हसी राधानगरीपर्यंत पोचली.

वॉलेटसाठी, म्हणजे मोनेरो ठेवायच्या ॲपसाठी, स्वतःचा नोड, म्हणजे ती सगळी वही ठेवणारा कॉम्प्युटर, वगैरे चालवत बसू नकोस, जागा खातो. कुणाचातरी फुकटचा नोड जोड, त्याला तुझा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, दिसतो फक्त, आणि तो आयपी ज्या केबलवाल्याचा तो दर महिन्याला घरी येऊन चहा पिऊन जातो. घरचाच माणूस.

सगळ्यात महत्त्वाचे ते वॉलेट उघडणारे 25 शब्द. ज्याच्याकडं शब्द त्याचा पैसा, म्हणून ते नीट जपायला पाहिजेत. मोबाईलमध्ये स्क्रीनशॉट काढ, तो आपोआप क्लाउडला जाईल, उत्तम. पण कागद तो कागद, म्हणून बिंदू चौकाच्या आसपास कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात जा आणि त्यांच्या व्हॉट्सॲप नंबरवर फोटो टाक. "काका, एक कलर प्रिंट, लॅमिनेशन करून." काका मोठ्यांदा वाचतील, "हे काय, इंग्लिशचा क्लास लावला का काय रे?" तू हस. ती फाइल त्यांच्या कॉम्प्युटरवर डाउनलोडच्या फोल्डरमध्ये कुणाच्यातरी सातबाऱ्याच्या आणि कुणाच्यातरी बायोडाटाच्या मधे पडून राहील, दिवाळीत साफसफाई होईस्तोवर. लॅमिनेशनचे दहा रुपये जास्त घेतले म्हणून मात्र जरूर भांड, सिक्युरिटीत तडजोड नको.

तुला वाटेल आपण अडाणी म्हणून असं होतंय. तसं काही नाही, मोठी माणसंपण आपल्याच तालमीतली. अल्फाबे नावाचा डार्कनेटचा, म्हणजे इंटरनेटच्या छुप्या भागातला चोरटा, बाजार होता, तिथं मोनेरोपण चालायचं. तो चालवणाऱ्यानं सुरवातीच्या वेलकम ईमेलच्या हेडरमध्ये स्वतःचा जुना हॉटमेलचा पत्ता जाऊ दिला, त्यात स्वतःचं नाव आणि जन्मसाल. जुलै 2017 मध्ये बँकॉकला पोलिसांनी त्याच्या गेटला गाडी धडकवली, हा बघायला बाहेर आला आणि आत लॅपटॉप उघडा, ॲडमिन म्हणून लॉगिन. गणिताला कुणी हातसुद्धा लावला नाही. आणि ते बिटफिनेक्स एक्स्चेंजच्या चोरीतले नवराबायको, 2016 मध्ये चोरलेले लाखावर बिटकॉइन, एका कॉइनमधनं दुसऱ्यात बदलून बदलून फिरवले, गुप्त कॉइनमधनंपण नेले, आणि त्यातल्या पैशातनं घेतलं काय तर वॉलमार्टचं 500 डॉलरचं गिफ्ट कार्ड, तेपण ॲपवर बायकोच्या नावाच्या खात्यातनं वापरलं. वॉलेटच्या चाव्या क्लाउडवरच्या फाइलमध्ये. 2022 ला सापडले.

आपण तर सरळ मार्गी, लपवायचंच काय? म्हणून जाहिरात कर. वाढदिवसाला चौकात डिजिटल बोर्ड लागेल त्यात 'आधारस्तंभ' आणि 'युवा उद्योजक' च्या मधे 'क्रिप्टो किंग' बसव, गॉगल घालून. स्टेटसला वॉलेटचा स्क्रीनशॉट टाक, आकड्यावर स्टिकर चिकटव पण शून्यं मोजता येतील असा. हार्डवेअर वॉलेट, म्हणजे चाव्या ठेवायचं छोटं यंत्र, मागव तेपण घरच्या पत्त्यावर, स्वतःच्या नावानं. 2020 मध्ये असली यंत्रं बनवणाऱ्या लेजर कंपनीच्या अडीच लाखावर गिऱ्हाइकांची नावं, पत्ते, फोन नंबर फुटले होते, पण ते तिकडं, परदेशात. जानेवारी 2025 मध्ये त्याच कंपनीच्या एका संस्थापकाला फ्रान्समध्ये उचलून नेलं आणि खंडणीसाठी बोट कापलं, तेपण तिकडंच. इकडं आपल्याकडं अशी माणसं नसतात. असली तरी पेठेतलीच, ओळखीची असणार.

आणि ओळखीची असली म्हणजे बोलणं सोपं जातं. रात्री रंकाळ्यावर दोघंतिघं गाडीत बसवतील, "भावा, ते पंचवीस शब्द सांग की." तू सांगशील, मीपण सांगितले असते, कुठलंही एन्क्रिप्शन कानफटीला टिकत नाही. पैसे गेले. आणि इथं त्या टेक्नॉलॉजीचा खरा नाद खुळा बघायला मिळतो बघ, जे तू तीन महिने कट्ट्यावर सांगत होतास तेच सगळं आता त्यांच्या बाजूनं. पुढं ते पैसे कुठं गेले कुणाला दिसणार नाही. ना तुला, ना पोलिसांना. बँक असती तर खातं तरी गोठवलं असतं, ते गोठवतात हे तुला अनुभवानं माहीत आहेच. बिटकॉइन असतं तर निदान कुठल्या पत्त्यावर जाऊन बसलंय ते रोज सकाळी उठून बघत बसला असतास.

मग चौकीत जा. साहेब विचारतील किती होते, कुठनं आणले, गेले त्याचा पुरावा काय. पुरावा नाही हीच तर त्याची खासियत आहे साहेब, असं छाती पुढं काढून सांग. शेजारी बसलेला कॉन्स्टेबल, ज्याचा पोरगा तुझ्याच बॅचला होता, हळूच विचारेल की 2022 पासनं ह्याच्यावर तीस टक्के टॅक्स आहे, रिटर्नमध्ये ते व्हीडीएचं, म्हणजे क्रिप्टोचं, शेड्यूल भरलंवतंस काय. तिथं तरी भावा आकडा खरा सांग, गाडीत त्या पोरांना सांगितलावतास तो.