फ्लॅश ‘दोन वर्षांत झिजते’ : खुलासा

पुण्यातल्या आयटीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर मेसेज फिरतोय : ‘डेटाबेस एसएसडीवर (म्हणजे फ्लॅश मेमरीच्या ड्राइव्हवर) टाकू नका, दोन वर्षांत झिजते.’ सरसकट खरं नाही. लिहून लिहून झिजते, पण हिशेब तर करा! सर्व्हरची ३.८४ टीबीची ड्राइव्ह, रोज एकदा पूर्ण लिहिण्याची ५ वर्षांची हमी, म्हणजे सुमारे ७,००० टीबी. आमच्या भोसरीतल्या सर्व्हरवर दिवसाला जेमतेम ४०० जीबी लिहिलं जातं. परवा स्मार्ट रिपोर्ट (ड्राइव्ह स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) काढला : तीन वर्षांत झीज ६ टक्के.

लॅपटॉपची स्वस्त ड्राइव्ह सर्व्हरला लावली असेल, तर गोष्ट वेगळी. वीज गेल्यावर कॅशमधला, म्हणजे तात्पुरत्या मेमरीतला, डेटा वाचवणारे कपॅसिटर (थोडी वीज साठवून ठेवणारे भाग) तिच्यात सहसा नसतात, आणि पुण्यात दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज जाणं आपल्याला नवं नाही. बॅकअपला मात्र हार्ड डिस्कच परवडते.