कॉम नंबर बदलला म्हणजे डिव्हाइस गेलं? नाही हो!

एक मेसेज सगळीकडे फिरतोय की सिरियल पोर्ट (एकामागून एक बिट पाठवणारं जुनं कनेक्शन) आता इतिहासजमा झाला, विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये दिसतो तो व्हर्च्युअल कॉम पोर्ट (यूएसबीवरून तयार झालेला सिरियल पोर्ट) नुसता नावापुरता, म्हणून बॉड रेट (डेटाचा स्पीड) काहीही टाका, आणि कॉम नंबर (विंडोज पोर्टला देतं तो कॉम ३ सारखा नंबर) बदलला की डिव्हाइस गेलंच समजा. नवीन शिकणारे हे वाचून चांगले यूएसबी-ते-सिरियल कन्व्हर्टर फेकून देतात, ते बघवत नाही म्हणून लिहितोय.

लॅपटॉपवरचं ९ पिनांचं कनेक्टर गेलं, हे खरंय. पण आरएस-२३२ हे १९६० सालचं स्टँडर्ड अजून सीएनसी मशीनला, वजनकाट्याला लागतंच.

बॉड रेटचं तर साफ चुकीचं आहे. सिरियलमध्ये क्लॉकची वेगळी वायर नसते, त्यामुळे स्पीड दोन्हीकडे आधीच ठरलेला लागतो. कन्व्हर्टरमधली सीएच३४० सारखी चिप यूएसबीवरून आलेला डेटा खऱ्या वायरवर बिट बिट करून पाठवते, तिथे समोरचा ११५२०० वर आणि तुम्ही ९६०० वर असाल तर स्क्रीनवर नुसता कचरा येणार. हां, आर्डुइनो लिओनार्डोसारख्या बोर्डात मेन चिपच यूएसबी बोलते, मध्ये सिरियल वायरच नाही, तिथे बॉड रेटच्या आकड्याने स्पीड बदलत नाही. मेसेजवाल्याने बहुतेक असलाच बोर्ड बघून सगळ्यांना एक नियम लावलाय. पण तिथेही १२०० वर पोर्ट उघडून बंद केला की बोर्ड रिसेट होऊन बूटलोडरमध्ये (नवीन प्रोग्राम भरून घेणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये) जातो, मग "काहीही" कसं चालेल?

आता नंबर. बऱ्याच स्वस्त चिपमध्ये सिरियल नंबर नसतो, मग विंडोज यूएसबीच्या कुठल्या सॉकेटला लावलंय त्यावरून ओळख ठेवतं, आणि सॉकेट बदललं की कॉम ३ चा कॉम ७ होतो, एवढंच. डिव्हाइस मॅनेजरमधल्या पोर्ट सेटिंग्जमध्ये अ‍ॅडव्हान्स्डला जाऊन परत ३ करता येतो. आणि पोर्ट उघडतच नसेल तर आधी दुसरा कुठला प्रोग्राम तो धरून बसलाय का बघा, विंडोजवर एका वेळी एकालाच मिळतो.

तरी शंका असेल तर ९ पिनवाल्या कन्व्हर्टरच्या २ आणि ३ नंबरच्या पिना छोट्या वायरने जोडा, टर्मिनलमध्ये (पोर्टवर अक्षरं पाठवणारा आणि आलेली दाखवणारा प्रोग्राम) लोकल एको (टाइप केलेलं स्वतःच दाखवणं) आणि फ्लो कंट्रोल (पाठवणं थांबव-चालू करायचे इशारे) दोन्ही बंद करा आणि काहीतरी टाइप करा. अक्षरं परत येतायत आणि वायर काढली की थांबतायत, म्हणजे कन्व्हर्टर डेटा पाठवतोय आणि घेतोय, मग केबल नाहीतर समोरचं मशीन तपासा.