भावा, पेंटिंग घे, पण बघू नकोस

हायवेला लागून असलेल्या जमिनीचे पैसे आले, पोरानं थार उचलली, घरातल्यांनी सराफांच्या गुजरीत जाऊन काय करायचं ते केलं, तरी खात्यात रक्कम उरलीयच, आणि अशात कुणीतरी कानात सांगितलंय की मोठी माणसं हल्ली पेंटिंगमध्ये पैसा घालतात. खरं आहे भावा. २०१३ ला चित्रकार वासुदेव गायतोंड्यांचं एक चित्र मुंबईत २३ कोटी ७० लाखाला गेलं तेव्हा सगळे म्हणाले बास, आता डोकं फिरलंय लोकांचं. २०२१ ला त्यांचंच दुसरं गेलं ३९ कोटी ९८ लाखाला. २०२५ च्या सप्टेंबरात आणखी एक, ६७ कोटी ८ लाख. त्याच वर्षी मार्चमध्ये हुसेनांचं 'ग्रामयात्रा' न्यूयॉर्कात गेलं, ११८ कोटींच्या आसपास. एवढ्यात किती एकर बसतात याचा हिशोब तू मनात घालायला लागला असशील तर तिथंच थांब. असला हिशोब करणारा माणूस या धंद्यात चालत नाही.

तर काही सूचना देतो. फुकट आहेत, गॅलरीवाला यालाच कन्सल्टेशन म्हणून पैसे घेईल.

सगळ्यात पहिलं म्हणजे चित्राकडं बघायचं नाही. हसू नकोस, बघून काही उपयोग नसतोय. १९६१ ला न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट म्युझियममध्ये मातीस या फ्रेंच चित्रकाराचं होडीचं चित्र ४७ दिवस उलटं टांगलेलं होतं, लाखभर माणूस त्याच्यासमोरून माना हलवत गेलं, आणि शेवटी ध्यानात आलं कुणाच्या तर एका शेअर ब्रोकर बाईंच्या. मोंद्रियान या डच चित्रकाराचं रंगीत चिकटपट्ट्यांचं एक चित्र तर पंचाहत्तर वर्षं उलटं असावं असं २०२२ ला जर्मनीतल्या क्युरेटर लोकांना वाटलं, पण आता सरळ करायला गेलो तर पट्ट्या गळून पडतील म्हणून तसंच राहू दे म्हणाले. म्हणजे बघणं ज्यांची नोकरी आहे त्यांची ही तऱ्हा, तू कशाला डोळे दुखवून घेतोस.

दुसरं, "हे तर आमचं बारकं पण काढंल" हे वाक्य चुकूनसुद्धा तोंडातून जाऊ द्यायचं नाही, शिवाजी पेठेतल्या कट्ट्यावर चालतंय, लिलावात नाही. बार्नेट न्यूमन या अमेरिकी चित्रकाराचा निळा कॅनव्हास आहे, मधोमध एक उभी फिकी पट्टी, बास, २०१३ ला ४ कोटी ३८ लाख डॉलर. तिथल्याच रॉथकोचं नारिंगी, लाल, पिवळं, २०१२ ला ८ कोटी ६९ लाख डॉलर. तुझं बारकं काढंल की, पण त्यानं ते साठ-सत्तर वर्षं उशिरा काढलं आणि चित्र अस्सल असल्याचे कागद त्याच्याकडं नाहीत. (खरं सांगायचं तर रॉथको रंगाचा पातळ थर देऊन त्यावर परत दुसरा असं करत जायचा, गायतोंडे पण रोलर आणि पॅलेट नाइफनं थर चढवत, खरवडत बसायचे आणि वर्षाला मोजकीच चित्रं करायचे. हे समोर उभं राहून निवांत बघण्यासारखं काम आहे, पण तू गुंतवणूक करायला निघालायस, तुझा आणि याचा काही संबंध नाही.)

आता लिलाव. इथं आपलं कोल्हापूरकर म्हणून जरा अवघड होतंय, कारण आपल्याला सौदा म्हटलं की मार्केट यार्डातला गुळाचा सौदा डोळ्यासमोर येतो. रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, मांडलेले, व्यापाऱ्यांचा घोळका एका अडतीतनं दुसऱ्या अडतीत, माणूस रंग बघतंय, चिमटीत कण चुरगाळतंय, जिभेवर टाकतंय, मग तोंडातनं आकडा काढतंय, आणि माल खराब निघाला तर शेतकऱ्याच्या तोंडावर सांगतंय. ही सवय तिकडं घेऊन गेलास तर मेलास. तिकडं आकडा आधी छापलेला असतोय, अमुक ते तमुक कोटी अपेक्षित म्हणून, माल चाखायचा प्रश्नच नाही. कधी कधी तर लिलाव सुरू व्हायच्या आधीच कुणीतरी तिसऱ्यानं मालकाला हमी दिलेली असते की कुणी नाही घेतलं तर एवढ्याला मी घेतो, आणि तोच गडी हॉलमध्ये बोलीपण लावू शकतो, आणि भाव वर गेला की वरच्यात वाटापण मिळवू शकतो. राखीव किमतीपर्यंत, म्हणजे ज्याच्या खाली मालक विकणार नाही त्या आकड्यापर्यंत पोचायचं असलं तर लिलाववाला मालकाच्या वतीनं स्वतःच बोल्या पुकारू शकतो, समोर कुणी हात वर केला नसला तरी, भिंतीकडं नाहीतर वरच्या झुंबराकडं बघून. यार्डात एखाद्यानं पत्र्याकडं बघून गुळाचा भाव वाढवला असता तर हमालांनी उचलून बाहेर ठेवला असता, पण तिथं कोट घालून करतात म्हणून शिस्तीत चालतं. आणि हातोडा पडला की तुझं संपलं नाही, घेणाऱ्याचं कमिशन वेगळं, महागड्या मालावरसुद्धा दहा-वीस टक्के कुठं गेले नाहीत, वर टॅक्स. विकणाऱ्याकडनं पण घेतात, गिऱ्हाईक मोठं असलं तर त्याला माफ करतात. अडत दोन्हीकडनं घ्यायची आयडिया आपल्या लोकांना कशी सुचली नाही याचं वाईट वाटतंय.

मग भाव ठरतो कशावर? गप्प बसून ऐक, हे कुणी सांगणार नाही. एका माणसाला पाहिजे असलं तर त्याला भाव नाही, दोन हट्टी माणसांना एकाच वेळी पाहिजे असलं की भाव आहे. आणि एकदा तो लागला की जगात त्या चित्रकाराच्या जेवढ्या चित्रांवर धूळ बसलीय त्या सगळ्यांचा भाव त्याच रात्री वाढतो, त्यामुळं ज्यांच्याकडं आधीच त्याची दहा चित्रं आहेत त्यांना अकरावं महागात घ्यायला लई आवडतं. तू त्यांच्यासमोर बसून हात वर करतोयस ही त्यांच्यासाठी आनंदाची गोष्ट आहे.

कागद मात्र सांभाळ. चित्र एकवेळ फाटलं तरी चालेल, कागद नाही. न्यूयॉर्कातली नोएडलर नावाची दीडशे वर्षांपेक्षा जुनी गॅलरी, तिनं एका साहेबाला ८३ लाख डॉलरला रॉथको विकला, साहेब पुढं सोथबीज या लिलाव कंपनीचाच अध्यक्ष झाला, आणि चित्र निघालं डुप्लिकेट, क्वीन्स भागातल्या एका चिनी चित्रकारानं घरी बसून केलेलं, ज्याला त्यातले किरकोळ पैसे मिळाले होते. त्याच मालातल्या, पोलॉक या चित्रकाराच्या नावानं खपवलेल्या एका चित्रावर सहीत स्पेलिंग चुकलेलं होतं, तरी चाललं बरीच वर्षं. आता मला सांग, रंग तेच, कॅनव्हास तेवढाच, ज्यांनी ते भिंतीवर लावून समोर बसून वाईन प्यायली त्यांना गहिवरून पण आलं असणार, मग ज्या दिवशी कळलं त्या दिवशी चित्रातनं नक्की काय कमी झालं? याचं उत्तर मिळालं की ८३ लाख कशाचे दिले होते तेपण कळतंय. गॅलरी २०११ ला बंद झाली.

केळ्याचं तर तू वाचलंच असशील. मॉरिझिओ कातेलान, भिंतीला टेपनं चिकटवलेलं केळं, २०१९ ला मायामीत १ लाख २० हजार डॉलर, २०२४ ला न्यूयॉर्कात ६२ लाख डॉलर, घेणाऱ्या क्रिप्टोवाल्यानं ते सगळ्यांसमोर खाल्लं. लोक उगाच चिडले. त्यानं केळं घेतलंच नव्हतं, सर्टिफिकेट घेतलं होतं, केळं कपिलतीर्थाच्या मंडईतनं आणलं तरी चालतं.

घेतल्यावर घरी आणायचं नाही. रंकाळ्याची दमट हवा, पाहुण्यांची पोरं, तांबड्या रश्श्याची वाटी हातात घेऊन बघायला उठणारे काका. जिनिव्हात टॅक्स न भरता माल ठेवायची गोदामं आहेत, तिथं पेटीत बंद करून ठेव आणि पेटीतच दुसऱ्याला विक. हुसेनांचं ते ११८ कोटींचं चित्र कित्येक वर्षं ओस्लोच्या एका हॉस्पिटलच्या भिंतीवर होतं, तिथली माणसं येता-जाता फुकट बघायची, एवढा माल उघड्यावर ठेवतात का.

आणि सगळ्यात शेवटचं, इथल्या चित्रकारांच्या नादाला लागू नकोस. आबालाल रहिमान याच गावात राहिले, रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगेचा काठ रंगवत बसले, शाहू महाराज १९२२ ला गेल्यावर त्यांनी आपली चित्रं कोटितीर्थात सोडून दिली असं जुनी माणसं सांगतात. खरं-खोटं तळ्याला माहीत. बाबूराव पेंटरांचं नाव आपण भाषणात घेतो, तेवढं पुरे. शाहू स्मारकात प्रदर्शन लागलं असलं तर दसरा चौकातनं जाताना गाडीवरनंच बोर्ड वाच, आत गेलास की तो चित्रकार खुर्चीवरनं उठून उभा राहतो, चहा मागवतो, आणि मग वाईट वाटतं. गेलासच तर न्यूमनच्या पट्टीबद्दल दोन वाक्यं बोल, मान हलव, पावसातल्या पन्हाळ्याच्या चित्रासमोर जरा थांब, चांगलं वाटलं तर चेहऱ्यावर दाखवू नकोस. पाच हजार म्हणाला तर "काय सांगता" म्हण. तीनला दे म्हण, फ्रेमसकट. आणि काचेचे वेगळे घेणार नाहीस ना, तेपण आधीच विचार.